दहा पॉइंट एक

"सर, तुमचं रीडिंग चुकलंय."

जैबू नदाफ आमच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून हे बोलली, तेव्हा अण्णा पंख्याखाली परीक्षेच्या उत्तरपत्रिका लावत होते, आई माठात पाणी भरत होती आणि मी, आठवड्याच्या रजेवर आलेली माहेरवाशीण, कलिंगडाची फोड खात होते. तिघांचेही हात जागच्या जागी थांबले.

अण्णा म्हणजे माझे वडील, प्राध्यापक ईश्वरप्पा हत्तरकी. गडहिंग्लजच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे प्रमुख. त्यांच्या रीडिंगवर गावाचा जेवढा भरवसा होता, तेवढा काळभैरवाच्या कौलावरही नसेल. कौल निदान लोक दुसऱ्यांदा लावून बघत. अण्णांचं रीडिंग एकदा आलं की आलं.

हे रीडिंगचं प्रकरण मला रसायनशास्त्र न शिकताही पाठ झालं होतं, कारण आमच्या घरात जेवताना दुसरा विषय नसे. ब्युरेट नावाच्या उभ्या काचेच्या नळीतून अल्कली थेंबथेंब सोडायचं, खाली फ्लास्कमध्ये आम्ल. पाण्यासारखं दिसणारं ते द्रावण एका थेंबाला फिकट गुलाबी होतं. तिथं, म्हणजे एण्ड पॉइंटला, थांबायचं आणि नळीवरचा आकडा लिहायचा. असं तीनदा. तिन्ही आकडे जुळले की तो आकडा खरा. बी. एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेत हा प्रयोग सकाळी आधी परीक्षक करतो, आपला आकडा पाकिटात बंद करतो, मग पोरांचा आकडा त्याच्या जितका जवळ, तितके मार्क. गेली कित्येक वर्षं ते पाकीट अण्णांचं होतं. बाहेरगावाहून दुसरे परीक्षक यायचे, पण ते आमच्याकडची शेंगापोळी खाऊन सही करायचे आणि त्यांच्या सहीचं वळण पोळ्यांच्या संख्येवर ठरायचं.

"माझं रीडिंग तुला कसं कळलं?" अण्णांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. त्यांचा राग नेहमी उतरत्या आवाजात यायचा.

"सगळ्यांना कळलंय सर. दहा पॉइंट एक." जैबूने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला तिन्ही वेळा नऊ पॉइंट चार आलं. मैत्रिणी म्हणाल्या, सरांचं लिही. मी आलं ते लिहिलं."

"मग तुझं चुकलं असेल."

"असेल सर. पण तुमचा फ्लास्क टेबलावर होता, त्यातला रंग मी बघितला, तो…"

"ए पोरी," आई माठाजवळून एकदम म्हणाली, "सरांच्या दारात येऊन सरांना शिकवतेस? जा आता. परीक्षा झाली, विषय संपला."

मला कलिंगडाची बी गिळायची वेळ आली. माझ्या आईने दारात आलेल्या विद्यार्थ्याला चहा न देता घालवल्याचं मी कधी बघितलं नव्हतं. अण्णांनी नापास केलेली पोरंसुद्धा आमच्याकडे पोहे खाऊन जायची, आणि काहीजण तर पोह्यांसाठीच नापास होतात असा माझा जुना संशय होता.

जैबू गेली नाही. तिने आपली बाजू थोडक्यात सांगितली. तिचे वडील गाद्या भरायचे. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिला घ्यायचं ठरत आलं होतं, पास झाली तर. या प्रश्नाला शून्य पडलं की प्रात्यक्षिकात नापास, आणि नापास झाली तर घरचे पुढच्या परीक्षेपर्यंत थांबणार नव्हते. हुबळीचं स्थळ थांबलेलंच होतं. हे सगळं तिने तक्रार म्हणून नाही, पत्ता सांगावा तसं सांगितलं. मग खाली वाकून चपला घातल्या.

"उद्या सकाळी लॅबमध्ये ये," अण्णा म्हणाले. "उरलेलं द्रावण बाटलीत आहे. पुन्हा करू."

आईच्या हातातला तांब्या माठाच्या काठाला लागून वाजला.

ती गेल्यावर अण्णांनी मार्कांचा कागद माझ्यापुढे धरला. सोमवारी तो सीलबंद होऊन विद्यापीठाला जायचा होता. मी सहकारी संस्थांची ऑडिटर. माझ्या धंद्यात जुळणारे आकडे बघून आनंद होत नाही, लाल पेन्सिल बाहेर येते. वीस पोरं, त्यातल्या अठरांचं रीडिंग दहा पॉइंट एक. एक बिचारा आजारी म्हणून उठून गेलेला. आणि एक जैबू.

"अण्णा, अठरा संस्थांची शिल्लक अशी जुळली असती तर मी आधी शिपायाला पकडलं असतं."

"सदबाला?" अण्णा खिन्नपणे म्हणाले. सदबा म्हणजे लॅबमधला शिपाई. अण्णांच्या रीडिंगचा भाव गावात एक भजी प्लेट असल्याचं नंतर कळलं. तो भाव वर्षानुवर्षं वाढवला नाही, हा त्याचा मोठेपणा. "सदबाने आकडा फोडला असेल. पण आकडा चुकीचा आहे असं त्याने थोडंच होतं? मी तीनदा केलंय, गिरिजे. तिन्ही वेळा दहा पॉइंट एक."

"आईच्या भाकऱ्याही एकसारख्या असतात."

ते हसले. ती त्यांचीच गोष्ट. आईच्या भाकऱ्या एकावर एक रचल्या की कडा तंतोतंत जुळायच्या, पण त्यांतली एकही गोल नसायची. सगळ्या डावीकडे किंचित निमुळत्या. एकमेकांशी जुळणं वेगळं आणि खऱ्याशी जुळणं वेगळं, हे अण्णा दरवर्षी पहिल्या तासाला त्या भाकऱ्यांवरून शिकवायचे. तालुक्यातल्या प्रत्येक बी. एस्सी.ला माझ्या आईच्या भाकरीचा आकार ठाऊक होता. बाजारात एखादा शिक्षक तिला वाकून नमस्कार करायचा आणि नजर तिच्या हातांकडे जायची.

"तेच म्हणतो," अण्णा म्हणाले. "म्हणून उद्या बघायचं."

स्वयंपाकघरात आई मला म्हणाली, "त्यांना जाऊ देऊ नकोस."

"का?"

"उद्या रविवार आहे. ऊन आहे."

"सकाळी आठला ऊन?"

तिने चुलीत लाकूड सारलं. चुलीसमोरच्या उजेडात तिची साडी डोळ्यांत जात होती. शेंदरी, वर जांभळे काठ. वर्षभरात तिने हे नवीनच काढलं होतं. कालची पोपटी, परवाची कुंकवासारखी लाल. आधी माझी आई म्हणजे राखी, मातकट, फिकट निळी. दुकानदार तिच्यासाठी गाठोड्याच्या तळाचे कपडे काढायचा. आता तिने साठीच्या तोंडावर नवरीचा थाट धरला होता आणि मी आल्या दिवसापासून तिची चेष्टा करत होते. "आई, अण्णांना पुन्हा मागणी घालायचीय का? लांबून रस्त्यावरची बस थांबेल." ती प्रत्येक वेळी हसायची. त्या दिवशी हसली नाही.

"ती गुलाबी कुठं गेली?" मी सहज विचारलं. "एण्ड पॉइंटची?"

"आहे ट्रंकेत."

ती साडी आमच्या घरचा विनोद होता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा अण्णा आयुष्यात पहिल्यांदा स्वतः साडी घ्यायला गेले. संकेश्वरच्या दुकानात त्यांनी गुलाबीच्या सगळ्या घड्या मोडायला लावल्या. एकेक पदर दारातल्या उजेडाकडे धरायचा, मान हलवायची, "एक थेंब जास्त," म्हणायचं आणि परत द्यायचा. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक वेडं आहे. शेवटी सापडली: इतकी फिकट, की पांढऱ्या कागदावर ठेवल्याशिवाय गुलाबी आहे हे कळू नये. अण्णा ती घेऊन घरी आले ते फ्लास्क धरावा तसे, दोन्ही हातांत. आईने ती त्या वर्षापासून प्रत्येक सणाला नेसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई फाटकापर्यंत आली. "तुमचंच बरोबर असणार," ती अण्णांना म्हणाली. "पोरीला मार्क द्यायचे तर देऊन टाका की. कुणाला कळतंय?"

अण्णांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने आमच्या घरच्या कन्नडऐवजी चिनी भाषेत बोलायला सुरुवात केली होती.

लॅबमध्ये जैबू आधीच येऊन थांबली होती. सदबाने अण्णांकडची किल्ली घेऊन कुलूप काढलं आणि रीडिंग कसं फुटलं असेल याविषयी स्वतःहूनच आश्चर्य व्यक्त करायला सुरुवात केली, तेव्हा अण्णांनी त्याला बाहेर बसवलं. मग त्यांनी ब्युरेट धुतली, भरली, पांढरी फरशी खाली ठेवली. मी एका स्टुलावर, जैबू समोर. त्यांचे हात मी तेव्हा पहिल्यांदाच नीट बघितले. डाव्या हाताने नळीची चावी, उजव्या हाताने फ्लास्क गोल फिरवत. एवढा मोठा माणूस, पण थेंब सोडताना श्वाससुद्धा हळू घेत होता.

आकडा नऊच्या पुढे गेला. एका थेंबाला फ्लास्कमधून गुलाबी झाक सरकून गेली आणि पुढच्या थेंबाला ती जायची थांबली. द्रावण गुलाबी झालं होतं. अगदी फिकट. मला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण तो रंग मी घरच्या दोरीवर वाळत पडलेला कितीतरी वेळा बघितला होता.

मी अण्णांच्या हाताकडे बघितलं. तो थांबला नाही.

थेंब पडत राहिले. गुलाबी गडद झालं. जैबूने माझ्याकडे बघितलं, तिचे ओठ हलले, आणि का कोण जाणे, मी मान नकारार्थी हलवली. अजून थेंब. फ्लास्कमध्ये आता राणी रंग झाला होता, लग्नातल्या शालूसारखा. तेव्हा कुठे अण्णांनी चावी बंद केली. फ्लास्क खिडकीकडे उचलला, मान जराशी तिरकी केली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आला," ते म्हणाले. "बघितलंस गिरिजे? इतका फिकट, की नीट बघितलं नाही तर निसटेल."

त्यांनी वाकून आकडा वाचला. दहा पॉइंट एक. दुसऱ्यांदा केलं, दहा पॉइंट एक. तिसऱ्यांदाही तेच. ते सुरेख काम होतं. तीन फ्लास्क ओळीने उभे, तिन्हींचा राणी रंग एकमेकांशी तंतोतंत जुळणारा.

"आता तू," त्यांनी जैबूला सांगितलं.

तिच्या हातात त्यांच्यासारखी सफाई नव्हती. सुरुवातीला एक थेंब फ्लास्कच्या काठावर पडला, तो तिने पाण्याने आत ढकलला. अण्णांनी "छान" म्हणून मान डोलावली. शिकवलेलं कुणी लक्षात ठेवलं की त्यांना राग विसरायला होई. नऊ पॉइंट चारला ती थांबली.

"आला सर."

अण्णांनी फ्लास्क घेतला. खिडकीकडे धरला. मान डावीकडे तिरकी केली, मग उजवीकडे. खिडकीशी जाऊन गजांच्या जवळ धरला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"कुठं?" ते म्हणाले. "हे पाणीच आहे."

जैबूच्या डोळ्यांत पाणी आलं. हुबळीच्या स्थळासाठी नसावं ते.

"गिरिजे. यात रंग आहे?"

आयुष्यात मी पुष्कळ लोकांना अवघड प्रश्न विचारले आहेत. ते मान खाली घालतात तेव्हा त्यांना काय होत असेल हे मला त्या स्टुलावर कळलं. मी नाही म्हणाले असते तर अण्णा शांतपणे घरी आले असते, आणि जैबू हुबळीला गेली असती.

"आहे, अण्णा."

"कुठला?"

"आईच्या त्या साडीचा. तुम्ही आणलेल्या."

त्यांनी तो फ्लास्क आपल्या तीन फ्लास्कशेजारी ठेवला.

"आणि हे माझे?"

"राणी," मी म्हणाले. "गडद राणी."

अण्णांनी स्टूल ओढलं आणि बसले. बाहेर सदबा कुणाला तरी आपली बाजू समजावून सांगत होता. अण्णांनी जैबूची वही मागितली, नऊ पॉइंट चारच्या खाली सही केली, आणि तिला म्हणाले, "तीनदा लिहिलंस, तिन्ही वेळा आलं तेच लिहिलंस. सगळे एकीकडे असताना. हे मी शिकवलेलं नाही. हे तुझं."

नंतरचं काम त्यांनी तिथंच बसून केलं. प्राचार्यांना अर्ज: परीक्षकाचं रीडिंग सदोष आहे, ते रद्द समजावं, सगळ्या तुकडीची परीक्षा दुसऱ्या शिक्षकाने पुन्हा घ्यावी. कारण म्हणून लिहिलं, "माझी दृष्टी." दोनच शब्द. मग तो सीलबंद व्हायचा कागद मधोमध फाडला. अठरा पोरांनी त्यांची चूक इतक्या निष्ठेने उतरवली होती, की एवढे आज्ञाधारक विद्यार्थी त्यांना पुन्हा मिळणार नव्हते. फेरपरीक्षेत जैबू पास झाली, पुढे कारखान्यात लागलीही. ती मला अजून भेटते. अण्णांविषयी बोलताना आम्ही दोघी हवामानाकडे वळतो.

लॅबला कुलूप लावताना अण्णांनी किल्ली सदबाच्या हातात दिली आणि परत मागितली नाही.

घरी आई पायरीवर बसली होती. आमचे चेहरे बघून ती बाजूला सरकली. अण्णा तिच्या शेजारी पायरीवरच बसले, जे ते कधी करत नसत.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

आई पदराच्या जांभळ्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग तिने सांगितलं. गेल्या बसवजयंतीला ती गुलाबी साडी नेसली होती. अण्णा ताटावर बसले, वर बघितलं आणि हसत म्हणाले, "आज पांढरी का नेसलीस? मी अजून आहे."

"मला वाटलं, थट्टा करताय," आई म्हणाली. "म्हणून मीही हसले. मग वाढताना बघितलं, तर तुम्ही थट्टा करत नव्हता."

त्या दिवशी तिने साडी घडी करून ट्रंकेच्या तळाशी ठेवली. पुढच्या बाजारी पहिली लाल साडी घेतली. मग पोपटी, मग शेंदरी. अण्णा वर बघतील तेव्हा त्यांना रंग दिसावा म्हणून. लोक हसले, मुलगी हसली, तिने सगळ्यांना हसू दिलं.

"मला सांगायचं नाहीस?" अण्णा म्हणाले.

"सांगून काय झालं असतं? मामंजींना डॉक्टरने सांगितलं आणि त्याच दिवशी ते ओसरीवर बसले. वारेपर्यंत उठले नाहीत." मामंजी म्हणजे माझे आजोबा. त्यांच्याही डोळ्यांच्या नसा अशाच सुकत गेल्या होत्या. आधी रंग गेले, मग चेहरे. "तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मला वाटलं, तेवढी निघतील. एक आकडा थोडा इकडेतिकडे झाला तर कुणाचं काय जाणार होतं?"

"जैबूचं," अण्णा म्हणाले.

"हो," आई म्हणाली. "कुणाचं जाणार ते मला कुठं ठाऊक होतं?"

रस्त्याने जाणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने पायरीवर बसलेल्या सरांना मोठ्याने नमस्कार केला. अण्णांनी आवाजाच्या दिशेने मान हलवली, आणि ती दिशा थोडी चुकली, हे मला आता दिसायला लागलं होतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी आजोबांना सांगितलेलंच वाक्य नातवंडांच्या काळातल्या शब्दांत सांगितलं. उपाय नव्हता. चष्म्याचा नंबर बदलून दिला, आमच्या समाधानासाठी.

मी परत निघाले त्या सकाळी अण्णा पंख्याखालच्या खुर्चीत बसले होते. समोर उत्तरपत्रिका नव्हत्या, म्हणून हात मांडीवर नुसते ठेवलेले. आई आतून आली. ती फिकट गुलाबी नेसली होती. ट्रंकेतल्या घड्या तशाच उमटल्या होत्या, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. ती खिडकीसमोर उजेडात उभी राहिली, आणि मला उगाचच वाटलं की ती त्यांच्या हातातला फ्लास्क झाली आहे.

"आज कुठली नेसलीय?" तिने विचारलं.

अण्णांनी मान डावीकडे तिरकी केली, मग उजवीकडे. चष्मा पुसला. तिने घाई केली नाही. माझी बस होती, तरी मीही केली नाही.

"पांढरी दिसते का?" आईनेच विचारलं.

"छे," अण्णा म्हणाले. "गुलाबी. एक थेंबही जास्त नाही."

आई हसली आणि पदर सावरून आत गेली. माझ्याकडे न बघता अण्णा म्हणाले, "गिरिजे, तुझी बस चुकेल."

मी पिशवी उचलली. माझं सगळं आयुष्य लोकांच्या आकड्यांपुढे बरोबर-चूक अशा खुणा करण्यात गेलं. त्या एका रीडिंगपुढची जागा मी कोरी ठेवली आहे.